मृत्युपत्र, मृत्युपत्रातून उभा राहणारा ट्रस्ट आणि मृत्यूनंतरची मालमत्तेची व्यवस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असलेल्या कुटुंबांना समोर ठेवून लिहिली आहेत. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू होतो. इतर धर्मीय, गोव्यातील रहिवासी आणि परदेशस्थ मराठी माणसे यांच्याबाबत जेथे नियम वेगळे आहेत, तेथे स्वतंत्र प्रश्न घेतले आहेत.

मृत्युपत्र केलेच नाही तर पुरुषाची मालमत्ता कोणाकडे जाते?

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार ती प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा समान हिस्सा असतो. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुले आणि वारलेल्या मुलाची विधवा यांनाही त्या शाखेचा हिस्सा मिळतो. वडील मात्र वर्ग एकमध्ये येत नाहीत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

"सगळे बायकोलाच मिळणार, मग कागद कशाला," असे म्हणणाऱ्यांनी एक उदाहरण पाहावे. पंचावन्न वर्षांचे गृहस्थ वारले. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. त्यांनी स्वतः कमावलेल्या फ्लॅटचे पाच समान हिस्से होतील आणि पत्नीच्या वाट्याला फक्त एक पंचमांश येईल. दोन वर्षांनी त्यांच्या आईही मृत्युपत्र न करता वारल्या, तर आईंचा एक पंचमांश हिस्सा त्यांच्या सर्व मुलामुलींकडे, म्हणजे या घरातील दीर आणि नणंदांकडेही जाईल. मग फ्लॅट विकायचा म्हटले की खरेदीखतावर त्या सर्वांच्या सह्या लागतील. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. कायदा आपला क्रम पाळत असतो. तो क्रम आपल्या घराला सोयीचा आहे का, हे ज्याने त्याने हयातीतच पाहायला हवे.

विवाहित स्त्रीने मृत्युपत्र करण्याची खरोखर गरज असते का?

असते, आणि माझ्या मते पुरुषापेक्षा अधिक असते. स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिची मालमत्ता प्रथम मुले आणि पती यांच्याकडे जाते. मुलेही नाहीत आणि पतीही हयात नाही अशा वेळी ती पतीच्या वारसांकडे जाते, आणि तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रमांक त्यांच्यानंतर लागतो. तिला आईवडिलांकडून वारसाने मिळालेली मालमत्ता, अपत्य नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण नोकरी करून तिने स्वतः मिळवलेल्या पैशाला हा अपवाद लागू होत नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये निकाली निघालेले एक प्रकरण या नियमाची धार दाखवते. लग्नानंतर तीन महिन्यांतच एका मुलीचा पती सर्पदंशाने वारला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्या आधाराने ती शिकली, नोकरीला लागली आणि अनेक दशकांनी, मृत्युपत्र न करता, भविष्य निर्वाह निधी व बँकेतील शिल्लक मागे ठेवून वारली. तिच्या आईने त्या पैशावर हक्क सांगितला. परंतु कायद्याचा शब्द स्पष्ट असल्याने तो पैसा पतीच्या बहिणीच्या मुलांकडे गेला. सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलता येत नाही, असेच न्यायालयाला म्हणावे लागले. त्या स्त्रीने साध्या कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, तर तो पैसा तिच्या आईला मिळाला असता. विशेषतः विधवा, निपुत्रिक आणि पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या परंतु घटस्फोट न झालेल्या स्त्रियांनी हे काम पुढे ढकलू नये. वेगळा राहणारा पतीही कायद्याच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाचा वारस असतो.

कोणकोणती मालमत्ता मृत्युपत्राने देता येते?

अठरा वर्षे पूर्ण केलेली आणि मनाने सावध असलेली कोणतीही व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता कोणालाही देऊ शकते. मुलांना वगळून पुतण्याला, शेजाऱ्याला किंवा संस्थेला देण्यासही कायद्याची आडकाठी नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील केवळ स्वतःचा अविभक्त हिस्सा देता येतो. तो हिस्सा मोजताना मुलींना धरूनच मोजावा लागतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्माने सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील हिस्सेदार, मानले, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही "वडिलोपार्जित शेती दोन्ही मुलांना निम्मी निम्मी" असे लिहिलेली मृत्युपत्रे आजही केली जातात. अशा मृत्युपत्राने मुलीचा स्वतःचा जन्मजात हिस्सा हिरावला जात नाही. भावंडांत फक्त वैर पेरले जाते.

दोन गोष्टींबाबत सावध राहावे. मुंबईतील चाळीतली पागडीची खोली ही मालकीची नसून भाडेकराराची असते आणि भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे तो भाडेनियंत्रण कायद्यानुसार जातो. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने देण्यासही अडचण येते. जुन्या मुंबई राज्याच्या कुळकायद्याखाली गुजरातमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे मृत्युपत्रही हस्तांतरणबंदीत येते असे ठरवले. महाराष्ट्राचा कुळकायदा त्याच मुळाचा असल्याने शेतीबाबत वकिलाचा सल्ला घेऊनच लिहावे.

मृत्युपत्र स्टॅम्प पेपरवरच करावे लागते का? नोंदणी सक्तीची आहे का?

दोन्ही गोष्टी आवश्यक नाहीत. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिलेले मृत्युपत्रही पूर्ण वैध असते. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर आणून नोटरीचा शिक्का मारला आणि साक्षीदार मात्र एकच ठेवला, तर ते मृत्युपत्र निरुपयोगी ठरते.

नोंदणी ऐच्छिक असली तरी ती करावी, असेच सांगावेसे वाटते. दुय्यम निबंधक कार्यालयात त्यासाठी नाममात्र शुल्क लागते, फोटो व अंगठ्याचे ठसे घेतले जातात आणि मूळ कागद हरवला तरी प्रमाणित प्रत मिळते. मजकूर कोणालाही कळू नये असे वाटत असेल, तर बंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे मृत्युपत्र ठेवण्याची सोय नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. मात्र नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाले असे नाही. वाद झाला तर नोंदणीकृत मृत्युपत्रही साक्षीदाराच्या तोंडूनच सिद्ध करावे लागते.

साक्षीदार कोण असावेत आणि त्यांनी नेमके काय करायचे असते?

सर्वाधिक मृत्युपत्रे येथेच अडतात, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना प्रत्यक्ष पाहिलेले असावे, किंवा "ही सही माझीच आहे" असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि मग त्याच्या समक्ष आपली सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणे सक्तीचे नाही. पण ते असलेले उत्तम, कारण पुढे उलटतपासणीत दोघांचे म्हणणे जुळते. साक्षीदाराला मजकूर ठाऊक असण्याची गरज नसते.

दहा-वीस वर्षांनी न्यायालयात त्यांच्यापैकी किमान एकाने उभे राहून सही कशी झाली हे सांगायचे असते. म्हणून वडिलांच्या वयाचे दोन मित्र साक्षीदार घेणे ही चुकीची निवड आहे. मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधीच ते जातात. चाळिशीतले, पत्ता स्थिर असलेले, लाभ न मिळणारे दोघे घ्यावेत. कुटुंबाचे डॉक्टर आणि शेजारच्या इमारतीतील परिचित शिक्षक ही चांगली जोडी. साक्षीदाराचे पूर्ण नाव, वय, पत्ता आणि मोबाइल क्रमांक मृत्युपत्रातच लिहावा. हिंदूंमध्ये लाभार्थी साक्षीदार झाल्यामुळे त्याला दिलेले दान, म्हणजे मृत्युपत्राने दिलेली मालमत्ता, आपोआप रद्द होत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्रात मात्र साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला दिलेले दान निरर्थक ठरते. हिंदूंनीही लाभार्थ्याला साक्षीदार करू नये, कारण संशयाला तेवढे कारण पुरते.

डॉक्टरांचा दाखला आणि व्हिडिओ चित्रीकरण आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण वय जास्त असेल, आजारपण चालू असेल किंवा एखाद्या मुलाला वगळायचे असेल, तर त्याच दिवशीच्या तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. चित्रीकरण पूरक पुरावा होऊ शकते. साक्षीदारांची जागा ते घेत नाही. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ते पुढे करणाऱ्यानेच संशय दूर करायचा असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ पासून सातत्याने सांगितले आहे. थरथरलेली सही, रुग्णालयातल्या खाटेवर झालेला कागद, सर्वाधिक लाभ घेणाऱ्यानेच वकील आणणे आणि कारण न देता पत्नीला वगळणे, या संशयाच्या नेहमीच्या जागा आहेत. एखाद्याला वगळत असाल तर दोन सौम्य वाक्यांत कारण लिहावे: "माझ्या मोठ्या मुलास मी हयातीत व्यवसायासाठी रक्कम दिली असल्याने या मालमत्तेत त्यास हिस्सा ठेवलेला नाही."

मजकूर लिहिताना कोणत्या चुका टाळाव्यात?

"माझा फ्लॅट माझ्या पश्चात पत्नीला मिळावा व तिच्या पश्चात मुलांना मिळावा," हे वाक्य घराघरांत लिहिले जाते आणि त्यातूनच वर्षानुवर्षांचे दावे उभे राहतात. पत्नीला पूर्ण मालकी दिली की केवळ हयातभर राहण्याचा हक्क दिला? तिला आजारपणात तो फ्लॅट विकता येईल का? "मुले" म्हणजे मुलीही धरायच्या का? हेतू पूर्ण मालकीचा असेल तर असे लिहावे: "सदर फ्लॅट माझी पत्नी हिला विक्री, गहाण व बक्षीस करण्याच्या अधिकारासह पूर्ण मालकीहक्काने मिळेल." हेतू राहण्यापुरता असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, आणि मेंटेनन्स, मालमत्ता कर व मोठी दुरुस्ती कोणी करायची तेही लिहावे. माझे मत विचाराल तर, ज्या पत्नीने घर उभे केले तिला पूर्ण मालकी द्यावी. मुलांच्या परवानगीवर तिचे म्हातारपण ठेवू नये.

मालमत्तेचे वर्णन गट क्रमांक, सर्व्हे क्रमांक, फ्लॅट क्रमांक, सोसायटीचे नाव आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक यांसह द्यावे. बँकेतील रकमेचा आकडा लिहू नये, कारण तो बदलत राहतो. खाते ओळखता येईल एवढे पुरे. लाभार्थी आपल्या आधी वारला तर काय, हे लिहावे. सामान्यतः असे दान व्यपगत, म्हणजे निष्फळ, होते. मात्र दान स्वतःच्या मुलाला किंवा मुलीला असेल आणि त्यांची अपत्ये हयात असतील, तर ते टिकते. शेवटी "या मृत्युपत्रात नमूद न केलेली माझी सर्व उर्वरित मालमत्ता" कोणाला द्यायची याचे कलम अवश्य असावे. प्रत्येक पानावर सही करावी आणि खाडाखोड असेल तेथे साक्षीदारांसह सही करावी.

एकदा केलेले मृत्युपत्र बदलता येते का?

हयातीत कितीही वेळा बदलता येते. किरकोळ बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र, म्हणजे कोडिसिल, करता येते. त्यालाही दोन साक्षीदार लागतात. मोठा बदल असेल तर नवे मृत्युपत्र करून त्यात आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचे लिहावे. नोंदणीकृत मृत्युपत्र पुढच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्रानेही रद्द होऊ शकते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तींचे मृत्युपत्र विवाहाने आपोआप रद्द होते, हिंदूंचे होत नाही.

नॉमिनीचे नाव लावले आहे. मग मृत्युपत्र कशासाठी?

नॉमिनी हा बहुतेक बाबतींत मालक नसून पैसे किंवा मालमत्ता ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, आणि त्याने ती खऱ्या वारसांना किंवा मृत्युपत्रातील लाभार्थ्यांना द्यायची असते. शेअर आणि डिबेंचर यांबाबतचा दीर्घ वाद सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये याच दिशेने मिटवला. त्या प्रकरणाचा उगमही मुंबईतील एका मराठी कुटुंबाच्या मृत्युपत्रात होता. संयुक्त खात्यावर "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" असे लिहिलेले असते तेव्हाही बँक हयात व्यक्तीला पैसे देऊन मोकळी होते. मालकीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आयुर्विम्याचा अपवाद लक्षात ठेवावा. विमा कायद्यातील २०१५ च्या सुधारणेनंतर आईवडील, पती वा पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना विम्याच्या रकमेवर लाभार्थी म्हणून हक्क मिळतो. बँकांमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. ठेवींसाठी टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक, आणि लॉकरसाठी फक्त एकामागून एक.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत मात्र सर्वाधिक गोंधळ होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये आलेल्या स्वतंत्र प्रकरणानुसार मृत सभासदाचा हिस्सा मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा हक्कदारांनी केलेला कौटुंबिक करार यांच्या आधारे वर्ग होतो, आणि तोपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येते. नॉमिनीच्या नावाने शेअर सर्टिफिकेट झाले म्हणून बहिणींचा हक्क संपला, असे सोसायटीच्या सचिवांनी कितीही ठामपणे सांगितले तरी ते खरे नाही. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्रातील लाभार्थी शक्यतो एकच ठेवावेत.

एक्झिक्युटर कोणाला नेमावे?

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा तो एक्झिक्युटर. मृत्यूनंतर मालमत्ता व्यवस्थेपुरती त्याच्याकडे जाते: येणी वसूल करणे, देणी फेडणे, नावे बदलून घेणे आणि वाटप करणे हे त्याचे काम. तो लाभार्थी असला तरी चालते. आपल्यापेक्षा लहान, हिशेबाला चोख आणि सर्व भावंडांशी बोलणे असलेली व्यक्ती नेमावी, आणि तिच्या पश्चात दुसरे नाव द्यावे. नेमण्यापूर्वी तिची संमती घ्यावी, कारण तिला नकार देण्याचा अधिकार आहे. हुद्द्याने मोठा पण कायम परदेशात असलेला जावई नेमण्यापेक्षा त्याच गावातली, बँकेचे उंबरठे झिजवायला तयार असलेली भाची शतपटीने बरी.

प्रोबेट घ्यावेच लागते का?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे यावर न्यायालयाने केलेले शिक्कामोर्तब. मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावर मालमत्तेच्या मृत्युपत्राला ते अनेक दशके सक्तीचे होते, तर पुणे, नाशिक किंवा नागपूरला तशी सक्ती नव्हती. हा भेद करणारे भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने वगळले. मुंबईकरांसाठी हा मोठा दिलासा आहे.

सक्ती गेली तरी सोय शिल्लक आहे. वारसांत वाद असेल, मोठी मालमत्ता विकायची असेल किंवा एखादी कंपनी कागदावर समाधानी नसेल, तर प्रोबेट घेणे शहाणपणाचे. अर्जासोबत मृत्युपत्र, मालमत्तेची यादी आणि शक्य असेल तर एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र लागते. वारसांना नोटिसा जातात. कोणी हरकत घेतली की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि मग वर्षे लागतात. प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. तो नेमलेला नसेल किंवा वारला असेल, तर मृत्युपत्र जोडून व्यवस्थापनपत्र, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचे न्यायालयाचे अधिकारपत्र, मागावे लागते.

मृत्यूनंतर कामे कोणत्या क्रमाने करावीत?

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखल्याच्या भरपूर प्रती घ्याव्यात. दिवसकार्य उरकेपर्यंत कागदपत्रांना हात लावायचा नाही असा प्रघात असतो आणि तो पाळण्यात गैर काही नाही. पण मृताचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढण्याचे त्या दिवसांत कोणीही करू नये. पैसे अंत्यविधीसाठीच काढले असले तरी पुढे तोच मुद्दा भावंडांच्या भांडणात पहिला येतो. मृताने दिलेले मुखत्यारपत्रही त्याच्या मृत्यूबरोबर संपते.

देण्यांचा क्रम कायद्याने ठरवून दिला आहे. प्रथम अंत्यविधीचा व शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च, मग प्रोबेट किंवा व्यवस्थापनपत्राचा खर्च, आणि त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजूर, कारागीर आणि घरकामाच्या माणसांचे थकलेले वेतन. बाकीची सर्व कर्जे यानंतर येतात आणि मृत्युपत्रातील दाने त्यांच्याही नंतर. आजोबांची शुश्रूषा करणाऱ्या बाईंचा दोन महिन्यांचा पगार राहिला असेल, तर पतपेढीच्या असुरक्षित कर्जाआधी तो द्यायचा आहे, हे कायदा स्पष्टपणे सांगतो. मोठ्या घरांतून नेमका हाच पगार विसरला जातो.

मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत दान देण्यास एक्झिक्युटर बांधील नसतो, कारण देणी समजायला वेळ लागतो. प्रोबेट घेतले असल्यास सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयाला द्यावा लागतो. जुन्या विसरलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे उद्गम हे संकेतस्थळ वापरावे. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसाला त्या परत मागता येतात.

वारस दाखला आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र यांत फरक काय?

उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात, ते मृताची येणी, ठेवी, शेअर व रोखे यांच्यासाठी १९२५ च्या कायद्याखाली दिवाणी न्यायालय देते. वारस दाखला महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयाकडून मिळतो आणि कायदेशीर वारस कोण हे त्यातून ठरते. ग्रामपंचायतीचा किंवा महसूल कार्यालयाचा दाखला या दोन्हींची जागा घेत नाही.

सातबाऱ्यावर नाव कसे लागते आणि लागले म्हणजे मालकी मिळाली का?

जमीनधारकाच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज करावा. ई-हक्क प्रणालीतून तो ऑनलाइनही देता येतो. फेरफार नोंदवला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पणजोबांच्याच नावावर राहिलेले उतारे अद्ययावत करण्यासाठी राज्याने एप्रिल २०२५ पासून "जिवंत सातबारा" मोहीमही राबवली.

फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे; तिने मालकी निर्माण होत नाही आणि नोंदीत नाव नाही म्हणून मालकी जातही नाही. घाईत केलेल्या वारस नोंदीत मुलींची नावे सोडून दिली जातात. अशा बहिणींनी फेरफारास अपील करावे आणि हिस्सा नाकारला जात असेल तर वाटपाचा दिवाणी दावा करावा.

मृत्युपत्रातून ट्रस्ट निर्माण करण्याची गरज कोणाला असते?

ट्रस्ट म्हणजे विश्वस्तांनी दुसऱ्याच्या हितासाठी सांभाळायची मालमत्ता. ज्यांच्या मागे स्वतःचा पैसा स्वतः सांभाळू न शकणारे कोणी राहणार आहे, त्यांना त्याची गरज असते. बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले अपत्य, लहान वयाची नातवंडे, व्यसनाधीन मुलगा, ही नेहमीची कारणे. हयातीत स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट करायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ नुसार मृत्युपत्राने केलेल्या ट्रस्टला मात्र तशी नोंदणी आवश्यक नाही, आणि तो मृत्यूनंतरच अस्तित्वात येत असल्याने हयातीत मालमत्ता आपल्याच हाती राहते.

अशा पालकांना सर्वात आधी सांगायचे ते हे की, "मोठा भाऊ धाकट्याला सांभाळेल म्हणून सर्व मोठ्याच्या नावे करतो," हा मार्ग प्रेमाचा असला तरी सुरक्षित नाही. मोठा भाऊ चांगलाच असेल. पण तो आधी वारला, कर्जबाजारी झाला किंवा त्याचा घटस्फोट झाला, तर धाकट्याचा पैसा त्याच्या मालमत्तेत मिसळलेला असतो. ट्रस्टमध्ये तो वेगळा राहतो. विश्वस्त निदान दोन असावेत, त्यांपैकी एक घराबाहेरचा. त्यांच्यानंतर कोण, तेही लिहावे. खर्चाच्या बाबी नेमक्या द्याव्यात: राहण्याची व्यवस्था, काळजीवाहकाचा पगार, औषधोपचार, वर्षातून एकदा सहल, वाढदिवसाचे कपडे. शेवटच्या दोन बाबी वकील गाळतात. त्या आग्रहाने ठेवाव्यात, कारण विश्वस्त पैसा साठवण्याच्या नादात जगण्यातला आनंद कापतात. त्या अपत्याच्या पश्चात शिल्लक कोणाला जाईल, हेही ठरवावे. विश्वस्त पैशाचा कारभार पाहतो, व्यक्तीचा नव्हे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो, आणि तो अर्ज आईवडिलांनी हयातीतच करावा.

खासगी ट्रस्ट अनंतकाळ चालवता येत नाही. मृत्यूच्या वेळी हयात असलेल्यांचे आयुष्य आणि त्यानंतर जन्मणाऱ्या लाभार्थ्याचे अज्ञानपण, एवढीच त्याची कमाल मुदत. एका व्यक्तीने मृत्युपत्राने एकच ट्रस्ट केला असेल तर त्याच्या उत्पन्नावर सर्वोच्च दराऐवजी सामान्य टप्प्यांनुसार आयकर लागण्याची सवलत आहे. दोन अपत्यांसाठी दोन ट्रस्ट लिहिण्याआधी ही गोष्ट करसल्लागाराशी बोलावी.

समाजकार्यासाठी मृत्युपत्राने ट्रस्ट करता येतो का?

निश्चित करता येतो, आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही. इंग्लंडमध्ये १९१८ मध्ये निधन झालेल्या सर रतन टाटा यांच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये स्थापन झालेला ट्रस्ट आजही काम करत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार एक्झिक्युटरने प्रोबेट मिळाल्यापासून एक महिन्यात किंवा मृत्यूपासून सहा महिन्यांत, जे आधी असेल त्या मुदतीत, धर्मादाय कार्यालयाकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. रक्कम थोडी असेल तर नवा ट्रस्ट काढण्याऐवजी गावच्या वाचनालयाला किंवा शाळेला थेट देणगी लिहावी. लेखापरीक्षणाच्या खर्चातच छोटा ट्रस्ट संपतो.

मुस्लिम व्यक्तींना हेच नियम लागू होतात का?

नाही. अंत्यविधी व देणी वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही, आणि सुन्नी हनफी कायद्यात एका वारसाला दिलेले दान इतर वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही. मृत्युपत्र तोंडीही होऊ शकते, पण लेखीच करावे.

गोव्यातील मराठी कुटुंबांचे काय?

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असून २०१२ चा गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. तेथे मुलांना सहजासहजी वगळता येत नाही. निम्मा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. शिवाय सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने लग्न झाले असेल तर दांपत्याच्या मालमत्तेचा अर्धा भाग मुळातच जोडीदाराचा असतो. म्हणजे पेडण्यातील गृहस्थ दोघांच्या एकूण मालमत्तेपैकी साधारण चतुर्थांशच स्वेच्छेने देऊ शकतात. मृत्युपत्र नोटरीसमोर करावे लागते. गोव्याच्या अधिवासी व्यक्तीची गोव्याबाहेरची, समजा सावंतवाडीची किंवा मुंबईची, मालमत्ताही याच नियमांनी जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले आहे.

आम्ही परदेशात राहतो. भारतातील मालमत्तेसाठी वेगळे मृत्युपत्र करावे का?

करावे. भारतातील स्थावर मालमत्तेला तुम्ही कोठेही राहत असलात तरी भारतीय कायदाच लागू होतो, त्यामुळे तिच्यापुरते स्वतंत्र मृत्युपत्र आणि भारतात राहणारा एक्झिक्युटर असणे सोयीचे. मात्र "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे ठरावीक वाक्य येथे घात करते, कारण त्याने तिकडचे मृत्युपत्रही रद्द झाल्याचा अर्थ निघतो. "भारतातील मालमत्तेपुरती" हे शब्द त्यात घालावेत.

वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर कर लागतो का?

भारतात मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला, आणि मृत्युपत्राने किंवा वारसाने मिळालेली मालमत्ता मिळताना आयकर लागत नाही. पुढे ती विकली तर भांडवली नफा मोजताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरली जाते, म्हणून वडिलांची जुनी खरेदीखते जपून ठेवावीत. मृताचे मृत्यूच्या दिवसापर्यंतचे विवरणपत्र वारसाने भरायचे असते.

भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागत आहे. करावी का?

सही करण्याआधी मालमत्तेची पूर्ण यादी लेखी मागावी आणि दस्त घरी आणून शांतपणे वाचावा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत झाले की ते सहजी मागे घेता येत नाही. "सोसायटीच्या कामासाठी एक सही हवी आहे," असे सांगून दुय्यम निबंधकाकडे नेले जात असेल, तर ते केवळ सोसायटीचे काम नाही, हे ओळखावे. आपल्या मर्जीने हक्क सोडणे हा प्रत्येकीचा अधिकार आहे आणि अनेक बहिणी तो प्रेमाने बजावतात. पण काय सोडत आहोत हे ठाऊक असताना सोडले तरच ते दान ठरते. मोबदला ठरला असेल तर तो दस्तात लिहून आणि बँकेमार्फत घ्यावा. वडिलांच्या फ्लॅटमध्ये आई राहत असेल, तर तिच्या हयातीत तिला तेथून कोणी काढणार नाही असे कलम घातल्याशिवाय मुलींनी आपला हिस्सा भावाच्या नावे करू नये. आईचा स्वतःचा हिस्साही त्याच दस्तात सोडून घेतलेला नाही ना, हे त्याच वेळी तपासावे.